फोटोला मनाई कोणाला?

(वस्तीतल्या बायांनी काढलेल्या फोटोंच्या प्रदर्शनानिमित्त नागपूर येथे कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)



बाजूच्या खोलीतले प्रदर्शन तुम्ही सगळ्या पाहून आलात. अडतीस फोटो आहेत. काढणाऱ्या बाया धुणीभांडी करणाऱ्या आहेत, भाजीची गाडी लावणाऱ्या आहेत, बांधकामावर जाणाऱ्या आहेत. कोणी फोटोग्राफीचा कोर्स केलेला नाही. घरात असलेला मोबाईल घेतला, कधी लेकाचा, कधी नवऱ्याचा, आणि जे रोज दिसते ते टिपले. तुम्ही त्यांचे कौतुक केलेत, त्यांना बरे वाटले. मला बोलायचे आहे ते शेवटच्या भिंतीवरच्या तीन कोऱ्या पाट्यांबद्दल. कितीतरी जणींनी मला विचारले, इथले फोटो पडले का? पडले नाहीत. ते तीन फोटो काढू दिले गेले नाहीत, किंवा काढल्यावर पुसायला लावले. जागा कोरी ठेवायची हे बायांनीच बैठकीत ठरवले.

पहिली पाटी एका सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्याची. आमच्या एका बाईची सासू तिथे दोन रात्री जमिनीवर गादी टाकून होती, खाट मिळाली नव्हती. सासूलाच विचारून सुनेने तिचा फोटो काढला. उमरेडला राहणाऱ्या दिराला दाखवायचा होता, की पाहा, अशी ठेवली आहे, पैसे पाठवा. कंत्राटी एजन्सीचा बिल्ला लावलेला गार्ड आला. "ए बाई, काय करून राहिली? इथं फोटोला मनाई आहे." त्याने तिच्या हातातून मोबाईल घेतला आणि स्वतःच्या बोटाने फोटो पुसला. त्याच्या आगेमागे असलेले तिच्या पोरीच्या वाढदिवसाचे फोटोही त्यात गेले.

दुसरी पाटी एका फ्लॅट स्कीमच्या फाटकाची. तिथे कामाला जाणाऱ्या बायांची पिशवी संध्याकाळी बाहेर पडताना उघडून पाहतात. साहेबलोकांची कोणाची पाहत नाहीत. आमच्या एकीने त्या रांगेचा फोटो काढला. गार्डने सेक्रेटरीला बोलावले. सेक्रेटरी एवढेच म्हणाले, "उद्यापासून येऊ नको." एका फोटोपायी तिची चार घरे सुटली.

तिसरी पाटी पोलीस ठाण्याची. नवऱ्याने मारलेल्या बाईला घेऊन आमची कार्यकर्ती रात्री नऊ वाजता ठाण्यात गेली. "उद्या या", "आपसात मिटवा", "मोठे साहेब राउंडला गेलेत" असे चालले होते. दीड तासाने कार्यकर्तीने मोबाईल वर धरला आणि भिंतीवरच्या घड्याळासकट ते बोलणे टिपायला सुरुवात केली. त्यासरशी ड्यूटीवरचा माणूस उठला. "ठाण्यात शूटिंग करता? गोपनीयतेच्या कायद्यात आत टाकीन." मोबाईल ड्रॉवरमध्ये गेला तो बारा वाजता परत मिळाला. कागद नाही, पावती नाही, नोंद नाही.

या तीन ठिकाणी दोन गोष्टी सारख्या आहेत. मनाई आहे असे तिघांनी सांगितले, पण कोणत्या कायद्याने हे कोणीच सांगितले नाही. आणि तिन्ही ठिकाणी छताला कॅमेरा होता. दवाखान्याच्या व्हरांड्यात होता, फाटकावर होता, ठाण्यात होता. या बायांचे चित्र तिथे रोज निघते. त्यांना कोणी विचारत नाही, आणि ते चित्र त्यांना कधी पाहायलाही मिळत नाही. आपल्या मोर्चाचेही तसेच. हिवाळी अधिवेशनात आपण यशवंत स्टेडियमवरून निघतो, अडवतात तिथे रस्त्यावर बसतो, आणि समोर पोलिसांचा माणूस एकेका चेहऱ्यावरून कॅमेरा फिरवत असतो. त्याला आपण काही म्हणत नाही. म्हणजे भांडण कॅमेऱ्याशी नाही. तो कोणाच्या हातात आहे, यावर सगळे अवलंबून आहे. बाईचे चित्र काढले तर चालते. बाईने चित्र काढले की मनाई आठवते.

आता कायद्याचे बोलू, कारण धमकी कायद्याच्या नावाने येते.

रस्त्यावर, चौकात, बाजारात फोटो काढायला परवानगी घ्यावी लागते असा सर्वसाधारण कायदा आपल्या देशात नाही. काही ठरावीक जागांना मनाई आहे. खाजगी जागेत मालक "इथे फोटो काढू नका" म्हणू शकतो, ऐकले नाही तर बाहेर जा म्हणू शकतो. दवाखान्यात दुसऱ्या रुग्णाचा फोटो त्याच्या परवानगीशिवाय काढू नये, हा नियम तर आपणच पाळला पाहिजे. उघडा पडलेला, कण्हत असलेला माणूस आपल्या पुराव्यासाठी नाही. पण जागेची शिस्त पाळायला सांगणे वेगळे, आणि हातातली वस्तू हिसकावून तिच्यातले काही पुसून टाकणे वेगळे. खाजगी गार्ड पोलीस नाही. खाजगी सुरक्षा एजन्सींसाठी २००५ साली केंद्राचा कायदा झाला. एजन्सीला परवाना लागतो, गार्डला प्रशिक्षण लागते, पोलिसासारखा किंवा लष्करासारखा गणवेश त्याला घालता येत नाही. झडती घ्यायचा, मोबाईल जप्त करायचा अधिकार त्या कायद्याने त्याला दिलेला नाही. सामान्य नागरिक म्हणून तो एखाद्याला धरू शकतो, पण केव्हा? त्याच्या डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडला तर, आणि मग धरलेल्याला सहा तासांच्या आत पोलिसांकडे सोपवावे लागते. सासूचा फोटो हा असा गुन्हा नाही.

हे सांगताना एक गोष्ट विसरू नका. तो गार्ड बहुधा आपल्याच वस्तीतला असतो. बारा बारा तास उभा, कंत्राटावर, साहेबाने सांगितले नाही तरी साहेब रागावेल या भीतीने वागणारा. महाराष्ट्रात सुरक्षा रक्षकांच्या नोकरीसाठी १९८१ चा कायदा आहे, तो त्यांच्याही लढ्यातला आहे. आता बायाही गार्डचे काम करतात. म्हणून त्याच्याशी हुज्जत घालून आपला विजय होत नाही. "दादा, मनाईचा आदेश कोणाचा आहे, त्यांचे नाव सांगा, मी त्यांनाच विचारते" एवढे शांतपणे म्हणावे. दहापैकी सहा वेळा तिथेच गोष्ट थांबते, कारण आदेश नसतोच.

आता तिसरी पाटी. ठाण्यातल्या त्या माणसाने नाव घेतले तो कायदा इंग्रजांचा आहे, शासकीय गुपिते अधिनियम, १९२३. त्याच्या कलम ३ खाली 'प्रतिबंधित ठिकाणा'चे चित्र काढणे, शत्रूला उपयोगी पडेल अशी माहिती गोळा करणे हा गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत, आणि विषय संरक्षणाचा असेल तर चौदा वर्षांपर्यंत. ऐकूनच पाय लटपटावेत असे कलम. पण प्रतिबंधित ठिकाण म्हणजे काय ते त्याच कायद्याच्या कलम २(८) मध्ये लिहिले आहे. संरक्षणाची ठिकाणे, शस्त्रागार, लष्कर, नौदल, हवाई दलाचे तळ, आणि सरकारने अधिसूचना काढून तसे जाहीर केलेल्या जागा. आपल्याकडे अंबाझरीची ऑर्डनन्स फॅक्टरी आहे, हवाई दलाचे ठिकाण आहे, कामठीला छावणी आहे. तिथे कॅमेरा काढू नका, मी स्पष्ट सांगते. पण पोलीस ठाणे?

याचे उत्तर याच शहरात मिळाले आहे. वर्ध्याच्या एका नागरिकाचे शेजाऱ्याशी भांडण होते. तो बायकोसोबत ठाण्यात गेला आणि तिथले बोलणे मोबाईलवर टिपू लागला. २०१८ साली त्याच्यावर याच कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे आले. न्यायमूर्ती मनीष पितळे आणि न्यायमूर्ती वाल्मिकी मेनेझेस यांनी जुलै २०२२ मध्ये तो गुन्हा रद्द केला. कायद्यातल्या व्याख्येत पोलीस ठाणे येत नाही, म्हणून ठाण्यात चित्रण करणे हा त्या कायद्याखाली गुन्हा होत नाही, असे त्यांनी सांगितले. पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये औरंगाबाद खंडपीठानेही पाथर्डीच्या प्रकरणात तेच म्हटले. तिथे दोघा भावांनी पोलिसाशी झालेले बोलणे टिपले होते.

निकाल हातात आला म्हणून उड्या मारू नका. ठाण्यात कॅमेरा नाचवत जा असे कोर्टाने सांगितलेले नाही. कामात अडथळा आणला, धक्काबुक्की केली असे म्हणून भारतीय न्याय संहितेची २२१ आणि १३२ ही कलमे लावता येतात, आणि ती लावली जातात. म्हणून आवाज चढवायचा नाही, अंगावर जायचे नाही, दुसऱ्या तक्रारदार बाईचा चेहरा टिपायचा नाही. लॉकअपमधल्या माणसाकडे कॅमेरा वळवायचा नाही. पण 'गोपनीयतेचा कायदा' हा शब्द ऐकला की मोबाईल खाली घालायची वेळ आता गेली आहे. पोलिसांना मोबाईल घ्यायचाच असेल तर रीतसर जप्ती करावी लागेल, यादी करावी लागेल, मॅजिस्ट्रेटला कळवावे लागेल. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती-जप्तीचे चित्रण पोलिसांनीच करायचे आहे, आणि तेही शक्यतो मोबाईलवर. ज्या ठाण्यात आमच्या कार्यकर्तीचा मोबाईल ड्रॉवरमध्ये गेला, तिथे त्या ड्रॉवरचे चित्रण व्हायला हवे होते!

तुमच्यापैकी काहीजणी म्हणतील, बाईला मार पडतो तो खरा प्रश्न, फोटोचे काय एवढे घेऊन बसलात? म्हणून मी थोडे मागे जाते. आपल्या चळवळीचा एक उगमच पोलीस ठाण्याच्या अंधारात आहे.

२६ मार्च १९७२ ची रात्र. देसाईगंज, तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा, आजचा गडचिरोली. मथुरा नावाची आदिवासी मुलगी. तिच्या भावाच्या तक्रारीवरून सगळ्यांना ठाण्यात आणले होते. जबाब झाले, बाकीच्यांना जायला सांगितले, तिला थांबवले. मागच्या बाजूला संडासाकडे आणि तिथून मागच्या छपरीकडे तिला नेले. बाहेर माणसे जमली तेव्हा ठाण्याचे दार आतून बंद होते आणि दिवे मालवलेले होते. १९७४ साली सत्र न्यायालयाने दोघा पोलिसांना सोडले. १९७६ साली याच नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी धरले. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. अंगावर जखमा नाहीत, ओरडल्याचा पुरावा नाही, म्हणजे संमती होती, असा तो युक्तिवाद. उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार यांनी १९७९ मध्ये त्यावर उघडे पत्र लिहिले, देशभर बाया रस्त्यावर आल्या, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला.

त्या रात्री आत काय झाले ते पाहणारा तिच्या बाजूचा एकही डोळा तिथे नव्हता. बाहेर अख्खा जमाव होता आणि मध्ये बंद दार होते. तिचा शब्द आणि त्यांचा शब्द, आणि त्यांच्या शब्दाला खाकीचे वजन.

२ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या प्रत्येक ठाण्यात आवाजासह सीसीटीव्ही लावायचा आदेश दिला. कुठे कुठे लावायचे त्याची यादी त्यात आहे. मुख्य दार, लॉकअप, व्हरांडा, साहेबांची खोली, संडासाच्या बाहेर, ठाण्याचा मागचा भाग. ही यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला देसाईगंजच आठवले. नेमक्या त्याच जागा. चित्रण अठरा महिने जपायचे आहे. तसे यंत्रच नसेल तरी वर्षाच्या आत पुसायचे नाही. ठाण्यात सीसीटीव्ही आहे अशी पाटी स्थानिक भाषेत दारात लावायची आहे. आणि कोणाच्या मानवी हक्कांवर घाला आला तर ते चित्रण जपून ठेवा असे म्हणायचा हक्क त्या व्यक्तीला आहे. आता किती ठाण्यांत कॅमेरा चालू असतो ते तुम्ही जाणता. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला याची स्वतःहून दखल घ्यावी लागली. 'कॅमेरा बंद होता' हे उत्तर आपण सगळ्यांनी ऐकले आहे. म्हणून छताचा कॅमेराही हवा आणि आपल्या हातातलाही हवा. एक बंद पडला तर दुसरा बोलेल.

परवानगी हा शब्द बाईविरुद्ध कसा वापरला जातो याचे भीषण उदाहरण शक्ती मिलचे. २२ ऑगस्ट २०१३, मुंबई. एक तरुण फोटोपत्रकार आपल्या सहकाऱ्यासोबत बंद गिरणीचे फोटो काढायला गेली होती. तिथल्या माणसांनी रेल्वेची जागा, साहेबांनी पाहिले, परवानगी हवी, असे सांगून त्यांना आत नेले. पुढचे तुम्हाला माहीत आहे. अत्याचार करणाऱ्यांनी तिचेच चित्रण केले आणि कोणाला सांगशील तर ते पसरवू म्हणून धमकावले. ती घाबरली नाही, तिने तक्रार केली. तिने केली म्हणून त्याच जागी महिनाभर आधी अत्याचार झालेली दुसरी मुलगीही पुढे आली. कोणीही उठून "इथे मनाई आहे" म्हटले की आपण मान खाली घालतो, या सवयीचा फायदा खोट्या साहेबांनाही होतो. बायकांनी प्रश्न विचारायला शिकणे हे म्हणून केवळ हक्काचे नाही, सुरक्षेचेही आहे.

आता प्रदर्शनाबद्दल. फोटो काढू दिला तरी तो लावू देतील असे नाही. सना इर्शाद मट्टू ही काश्मीरची फोटोपत्रकार. जुलै २०२२ मध्ये पॅरिसला पुस्तक प्रकाशन आणि फोटो प्रदर्शनासाठी निघाली, तर दिल्ली विमानतळावर अडवली. ऑक्टोबरमध्ये पुलित्झर पुरस्कार घ्यायला निघाली, व्हिसा होता, तिकीट होते, पुन्हा अडवली. आपल्या या प्रदर्शनाआधीही दोन पोलीस फोटोंची यादी मागायला आले. "वरून आदेश आहे." आम्ही आदेश लेखी मागितला. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ मध्ये चित्रे, फलक दाखवण्यावर बंदी घालण्याचा अधिकार खरोखर आहे. पण त्यासाठी सक्षम अधिकाऱ्याचा आदेश लागतो, तो जाहीर करावा लागतो, कुठे आणि किती काळ ते त्यात लिहावे लागते. तोंडी आदेश हा आदेश नव्हे. त्यांनी आणला नाही, आणि प्रदर्शन लागले.

प्रदर्शन हॉलमध्येच लावावे असेही नाही. पी. साईनाथ यांनी १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांत फिरून राबणाऱ्या बायांचे फोटो काढले. त्यांचे प्रदर्शन कारखान्यांच्या फाटकांवर, बसस्टँडवर, गावागावांत लागले आणि सात लाखांहून जास्त लोकांनी पाहिले. आपणही हे अडतीस फोटो दोरी बांधून आठवडी बाजारात लावू शकतो. फक्त एक अट मोडायची नाही. ज्या हक्काने आपण गार्डला प्रश्न विचारतो, त्याच हक्काने फोटोतली बाई आपल्याला विचारू शकते. तिला विचारून काढा, कुठे लावणार ते सांगा, आणि ती नको म्हणाली की उतरवा. अत्याचार झालेल्या बाईची ओळख उघड करणे हा न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे गुन्हा आहे, मग हेतू कितीही चांगला असो. बाईच्या नकळत तिचे खाजगी क्षणातले चित्र काढणे कलम ७७ खाली येते. पोलिसांना दाखवायची कलमे आपणही पाठ केली पाहिजेत.

शेवटी कामाचे. प्रत्येक गटाने एक वही करावी. कुठे अडवले, कोणी, गणवेश कोणता, बिल्ल्यावर काय लिहिले होते, कोणत्या कायद्याचे नाव घेतले, हे त्याच दिवशी लिहावे. नागपूर खंडपीठाच्या निकालाची प्रत प्रत्येक केंद्रावर ठेवावी. ठाण्यात कधीही एकटीने जाऊ नये. जे टिपले ते लगेच दुसऱ्या मैत्रिणीच्या मोबाईलवर पाठवावे. ठाण्यात काही वाईट घडले तर आठ दिवसांच्या आत सीसीटीव्हीचे चित्रण जपून ठेवण्याचा लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. तीन महिन्यांनी सगळ्या वह्या एकत्र करू आणि पोलीस आयुक्तांकडे शिष्टमंडळ नेऊ. एका बाईचा मोबाईल ड्रॉवरमध्ये टाकता येतो. चाळीस वह्या टाकता येणार नाहीत.